तळपत्र्यातलं भोक

पुस्तक म्हणतं, दर पन्नास तासांनी.
पुस्तक लिहिणाऱ्याचा हात मनगटापासून निखळत असावा,
नाहीतर मागच्या डाव्या चाकाआडच्या निपलपर्यंत
तो कुठल्या वाटेने पोचला,
हेही त्याने लिहिलं असतं.

ऑक्टोबर. मेंढ्या डोंगरावरून खाली आल्यात.
नेवाडाची पांढरी, खारट धूळ
गाडीच्या सांध्यासांध्यांत बसलीय पिठासारखी
आणि गाडी दर खड्ड्याला कण्हते
अडलेल्या मेंढीसारखी. नाही, तसंही नाही.
मेंढी इतकी तक्रार करत नाही.

जॅक लावला. चाक लोंबकळू दिलं,
म्हणजे भार उतरतो, बुशाला फट मिळते, वंगण आत शिरतं.
हे मला साबिनोने शिकवलं.
साबिनो कांतो, पेरूच्या डोंगरांतून तीन वर्षांच्या परवान्यावर आलेला,
बोलायचा कमी, आणि बोललाच तर मेंढ्यांशी.

पुढची आठ सोपी.
फडक्याने पुसायची, ग्रीसगनचं तोंड बसवायचं, टक्,
दोन दाब, तीन दाब,
कडेने जुनं काळं गांडूळ बाहेर येतं,
त्याच्या शेपटीला धरून नवं, लाल.

मागे मात्र पाठीवर झोपून,
दातांत बॅटरी, कोपर सांगाड्याला, गाल गार लोखंडाला,
आईच्या पावडरच्या डबीतला आरसा दोन बोटांत.
निपल बोटांना सापडतं, गनला सापडत नाही.
वाकडी नळी लावून पाहिली.
सुईसारखं टोक लावून पाहिलं.
सगळं वंगण माझ्या बाहीत.
बेल्त्सा आली, माझं कपाळ चाटून गेली.
कुत्र्याचा सल्ला तेवढाच.

तेव्हा आरशात दिसला निळा ठिपका.
मेंढ्यांच्या पाठीवर मारतो तो, आमच्या कळपाचा निळा,
तळपत्र्याच्या आतल्या अंगाला, अंगठ्याएवढा,
आणि त्याला खेटून ते भोक.

ते भोक मला माहीत होतं.
एप्रिलमध्ये मी त्याच्यावरून साबिनोला बोलले होते.
नव्या गाडीचा तळ फोडला म्हणून
चाळीस डॉलर पगारातून कापले,
वहीत लिहिलं: नुकसान.
तो टोपी काखेत धरून उभा होता,
एक बोट हवेत, खालून वर, खालून वर,
काहीतरी दाखवत होता.
मला घाई होती. लोकर न्यायला ट्रक आला होता.

भोकात लोकरीचा बोळा. वरून मातीने कडक,
उपसला तर आत अजून मऊ, तेलकट,
मेंढीच्या अंगचं वंगण, पाण्याला दाद न देणारं.
नळी सरळ आत गेली,
वाट ठाऊक असलेल्या जनावरासारखी.
टक्.
एक दाब. दोन. तीन. चार.
सांध्यात काहीतरी सैलावलं, मोठ्याने नाही,
जेवण झाल्यावर माणूस खुर्चीत मागे रेलतो, तेवढंच.

मी तशीच पडून राहिले.
मग सरपटत उजव्या बाजूला गेले, चिखल खरवडला.
तिथेही भोक. तिथेही बोळा, तिथेही निळा.
हे मला माहीत नव्हतं.
म्हणजे बोलणी खाल्ल्यावर, पैसे कापून घेतल्यावर,
कुठल्यातरी रविवारी, मी गावात असताना,
त्याने ड्रिल पुन्हा हातात घेतलं होतं.

जुलैमध्ये परवाना संपला.
वहीत पत्ता नाही. बहिणीच्या दुकानाचा नंबर आहे,
त्यातल्या एका आकड्यावर ग्रीसचं बोट पडलंय,
माझंच असणार.
तीन असेल, किंवा आठ.
दोन्ही लावून पाहीन. कोणी उचललाच तर
भोकाला काय म्हणतात त्यांच्याकडे, ठाऊक नाही.

आधी नवा बोळा वळायला हवा.
कुंपणाच्या तारेला लोकर अडकलेली आहे पुष्कळ
आणि दोन सांधे
अजून कोरडे आहेत.